एक प्लेट भजे, २०२०च्या भावानं

हॉटेलला पाटी नाही. कधीच नव्हती. हॉटेलवाल्या मामांना विचारलं तर म्हणतात, "शाळेला हाय की पाटी, तेवढी बास." सोलापूर–हैदराबाद रस्त्यानं नळदुर्ग सोडून उमरग्याकडं निघालात की आमचं गाव लागतं. फाट्यावरून आत वळलं की हायस्कूलचं गेट आणि गेटच्या बरोबर समोर पत्र्याचं शेड, लिंबाचं झाड, झाडाखाली भट्टी. मोबाईलच्या नकाशात शोधत बसू नका, तिथं अजून शेजारचं पंक्चरचं दुकान दिसतं आणि ते कधीच बंद झालंय.

चव, भाव, जागा सगळं सांगते. पण एक आधीच सांगून टाकते, या हॉटेलची मी देणेकरी होते. साडेपाच वर्षं. रक्कम २६० रुपये.

आमची दहावीची बॅच मार्च २०२०ची. ब तुकडी, पट ४२. शेवटचा पेपर भूगोलाचा, सोमवारी, २३ मार्चला. पेपर सुटला की सगळ्यांनी मिळून मामांकडं भजे, जिलेबी आणि चहा, हे जानेवारीतच ठरलेलं. शाळेचा निरोप समारंभ झाला होता, पण तो सरांचा कार्यक्रम. हार, नारळ, भाषणं, दोघी-तिघींचं रडणं, आणि वर्गातर्फे शाळेला भिंतीवरचं घड्याळ. आमच्या आधीच्या तीन बॅचनीही घड्याळंच दिलेली, त्यामुळं ऑफिसात चार घड्याळं आणि चारांत चार वेळा. भज्यांचा कार्यक्रम मात्र आमचा होता. माणशी ३० रुपये: भजे १५, शंभर ग्रॅम जिलेबी १०, चहा ५. वर्गणी गोळा करायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझं घर शाळेच्या मागंच आणि माझ्याकडून पैसे कधी हरवत नाहीत अशी माझी ख्याती.

एकूण १२६० झाले. त्यातले हजार मी मामांना आगाऊ दिले. मामांनी गल्ल्याखालून लाल कापडाची उधारीची वही काढली, कानावरचा पेन घेतला आणि लिहिलं: '१० वी ब. २३/३. ४२ प्लेट. जमा १०००. येणे २६०.' उरलेले पैसे त्या दिवशी द्यायचे ठरले.

शनिवारी २१ तारखेला इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर देऊन बाहेर आलो तर मामांनी मलाच गाठलं. "सोमवारी पीठ किती किलो आणू, माय?" मी म्हटलं, सहा तरी आणा. त्याच दिवशी भूगोलाचा पेपर पुढं ढकलल्याची बातमी आली. रविवारी जनता कर्फ्यू, आणि मग काय झालं ते सगळ्यांनाच माहीत आहे. एप्रिलात पेपर रद्दच झाला. भूगोलाचे मार्क बाकीच्या पेपरांच्या सरासरीनं पडले. २९ जुलैला निकाल लागला, राज्याचा ९५.३० टक्के. शंभर टक्केवाले राज्यात २४२, त्यातले १५१ आमच्या लातूर विभागातले. आमच्या वर्गातलं त्यात कुणी नव्हतं, पण पेढे खाताना विभागाचा अभिमान वाटून घेतला.

सरासरीनं एकाचं लई भलं झालं. आमच्यात एक जण लक्षद्वीप कायम बंगालच्या उपसागरात दाखवायचा. सर नकाशा उलटा धरून समजावायचे, तरी तो पूर्वेलाच. त्याला सरासरीनं तारलं. मी मात्र भूगोलाचं पुस्तक पाठ केलं होतं. दहावीचा भूगोल म्हणजे भारत आणि ब्राझील. नद्या, लोकसंख्या, वाहतूक, सगळ्यांत ब्राझील. आमच्यातल्या निम्म्यांनी मुंबई पाहिलेली नव्हती आणि मानाउस कुठल्या नदीकाठी ते झोपेत सांगायचे. त्या पुस्तकाचा पहिला धडा क्षेत्रभेटीचा, आणि ती सहल निघते कुठून, तर नळदुर्गहून. थेट अलिबागला. आमच्या गावापासून एसटीनं जाता येतं त्या नळदुर्गाचं नाव पुस्तकात छापलेलं बघून पहिल्या दिवशी वर्गात शिट्ट्या झाल्या. सर म्हणाले, "बघा, सहलीचा पहिला थांबा आपल्याला फुकट पडला." आमची स्वतःची सहल तेवढ्याच थांब्यापर्यंत गेली. किल्ला, पाणी महाल, डबा, परत.

तर ते २६० रुपये. माझ्या कंपासपेटीत राहिले. जूनमध्ये पेरणीच्या वेळी घरात रोख नव्हती. दोनशे आईनं तेलाला नेले, साठाचं मी रिचार्ज मारलं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. अकरावी-बारावीला मी रोज त्याच रस्त्यानं एसटी पकडायला जायचे आणि हॉटेल आलं की शाळेच्या भिंतीकडं बघत चालायचे. भिंतीवरचे सुविचार मला आजही क्रमानं येतात. मामांनी एकदाही हाक मारली नाही. मारली असती तर बरं झालं असतं.

मुळात मी त्या हॉटेलात कधी बसलेच नव्हते. पाचवी ते दहावी सहा वर्षं शाळेत काढली, हॉटेल गेटसमोर, तरी आतला बाक कसा असतो मला माहीत नव्हतं. पोरी आत बसत नसत. तसं कुणी लिहून लावलेलं नव्हतं. रस्त्याच्या बाजूनं शेडला एक खिडकी आहे, गज काढलेली. तिथून पैसे आत, पुडी बाहेर. पुडी घेऊन आम्ही शाळेच्या हापशापाशी उभ्यानं खायचो. आत बसलेल्या पोरांना चटणी दुसऱ्यांदा मिळायची, आम्हाला पुडीत पडेल तेवढीच. मधल्या सुट्टीत खिडकीपाशी पोरींची इतकी दाटी व्हायची की आमच्यातली एक उंच होती, तिला आम्ही फक्त हात लांब आहे म्हणून बरोबर न्यायचो. पोरींसाठी वेगळी खिडकी केली हे मामा अजून अभिमानानं सांगतात. खिडकीमुळं सोय झाली हे खरं. आणि खिडकी होती म्हणूनच आत जायचा विषय कधी निघाला नाही, हेही खरं.

आम्ही सहावीत असताना २०१६चा उन्हाळा आला. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तो एप्रिल. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. गणिताच्या बाईंनी लगेच फळ्यावर उदाहरण घातलं, एका टाकीत किती? आम्ही पन्नास हजार काढले आणि तहान लागली म्हणून हापशावर गेलो तर हापसा कोरडा. त्या दिवसांत मामांकडं चहा घेतला तरच पाणी, तेही अर्धा गिलास. गिलासाला बोट लावून माप दाखवायचे. खिडकीवाल्या गिऱ्हाइकांना तेवढंही नाही, कारण गिलास बाहेर गेला की परत येत नाही असा त्यांचा अनुभव. २०२५च्या सप्टेंबरात त्याच शेडमध्ये पाणी शिरलं. आतल्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर ओलीची रेघ आहे, बसलात की पाठीमागं दिसेल.

शाळेशी या हॉटेलाचं दुसरं नातं जिलेबीचं. झेंड्याची जिलेबी मामांकडूनच जायची. बाकीच्या महाराष्ट्रातल्या पोरांपेक्षा मराठवाड्यातल्या पोरांना जिलेबीचा एक दिवस जास्त, १७ सप्टेंबर. मुक्तिसंग्राम दिनाला इतिहासाचे सर दरवर्षी तेच भाषण करायचे: १३ सप्टेंबर १९४८, सोलापूरकडून सैन्य निघालं, नळदुर्गाजवळ बोरी नदीचा पूल ताब्यात घेतला, आणि १७ तारखेला निजाम शरण आला. सर पुलापर्यंत पोचले की मागच्या रांगेतली पोरं गेटकडं बघायला लागायची, कारण त्याच सुमाराला मामांचा पोरगा डोक्यावर परात घेऊन रस्ता ओलांडायचा. पूल पडला की जिलेबी, असा आमचा हिशेब.

आता २०२५चं. आमचा व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे, नाव '१० वी ब (भूगोल बाकी)'. दिवाळीत जमायचं ठरलं. एकानं मंगल कार्यालय सुचवलं, माणशी पाचशे, जेवण आणि साउंड. ग्रुप दोन दिवस गप्प. सोयाबीन रानातच सडलेलं, निम्म्यांच्या घरी सण कसाबसा झालेला, आणि पाचशे जास्त होतात हे आधी कोण म्हणणार? शेवटी मॉनिटरनं लिहिलं, "मामाकडं आपले हजार हायत की." माझ्या पोटात गोळा आला. मी लिहिलं, "आणि माझ्याकडं २६०." त्यावर हसण्याच्या पिवळ्या तोंडांची रांग लागली. साडेपाच वर्षं मी ज्याला घाबरले, ते कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

मॉनिटर मामांना विचारायला गेला. मामांनी वही काढली. नवी नाही, तीच लाल. पान ६१. "किती जण यायलाव? हितं ४२ हायत," म्हणाले.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, आम्ही २७ जण जमलो. सोळा पोरं, अकरा पोरी. पुणे-चाकणवाल्या काहींना सुट्टी मिळाली नाही, दोघं उसाच्या टोळीबरोबर निघायच्या गडबडीत. लॉकडाऊनमध्ये लग्न झालेल्या आमच्या वर्गात चौघी, त्यांतल्या दोघी आल्या. एकीच्या कडेवर चार वर्षांचं लेकरू. लेकराचं वय सगळ्यांनी विचारलं, तिच्या लग्नाच्या वयाचा हिशेब कुणी काढला नाही. भूगोलाचे सर आता निवृत्त झालेत, तेही आले. टीसीवरचा 'जिल्हा उस्मानाबाद' आता धाराशिव झाला, ते बदलून घ्यावं लागतं का, हे चौघांनी त्यांना विचारलं. सरांनी उत्तर न देता उलट विचारलं, "ब्राझील भारताच्या किती तास मागं?" सगळे शांत. मी तोंड उघडणार तेवढ्यात लक्षद्वीपवाला म्हणाला, "साडेआठ." हैदराबादला एका कंपनीत रात्रपाळी करतो, परदेशातल्या वेळा त्याला तोंडपाठ. सरांनी उठून त्याला मिठी मारली.

बसायचं कसं? आत चार बाक, दाटून बसलं तर सोळा माणसं. पोरं सवयीनं आत शिरली आणि आम्ही सवयीनं खिडकीकडं गेलो. खरंच गेलो, कुणी सांगितलं नव्हतं. उंच होती तिनं तर खिडकीत हातही घातला. आतून मामा ओरडले, "आता काय पुडी बांधू व्हय? आत या." मग पोरं उठून झाडाखाली गेली आणि आम्ही अकरा जणी आत बसलो. बाक हलतो. डाव्या कडेला बसू नका, खिळा वर आलाय, माझ्या ओढणीला भोक पडलं.

भज्यांबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण या वेळी पहिल्यांदा आतून करताना बघितले. कांदा उभा चिरलेला, पातळ. त्याला आधी मीठ लावून पाच-दहा मिनिटं नुसता ठेवतात. कांद्याला सुटतं तेवढंच पाणी, वरून थेंब नाही. मग डाळीचं पीठ अगदी बेतानं, कांदा झाकला जाणार नाही इतकंच. ओवा तळहातावर चोळून, हिरवी मिरची, कोथिंबीर, आणि शेवटी कढईतलंच एक पळी कडकडीत तेल पिठावर. सोडा घालत नाहीत. सोडा घातला की भजे तेल पितात, म्हणतात. कढईत सोडताना गोळा करत नाहीत, बोटांनी विस्कटून सोडतात, म्हणून कडा जाळीदार होतात आणि दाताखाली कुर्र वाजतात. बरोबर तळून मीठ लावलेली मिरची आणि शेंगदाणा-लसणाची कोरडी चटणी. चटणी दुसऱ्यांदा मागितली. मिळाली. सोळा वर्षांची असताना जी चटणी पुडीच्या कागदाला चिकटून वाया जायची, ती वाटीत बघून मला उगाच भरून आलं. वर तिखटानं डोळ्यांत पाणी, त्यामुळं कुणाला कळलं नाही.

पण हे पहिल्या घाण्याचं वर्णन. माणसं जास्त असली की मामा घाई करतात, तेल पुरतं तापू देत नाहीत. तिसरा घाणा मऊ आणि तेलकट निघाला, झाडाखालच्या पोरांच्या वाट्याला तोच. त्यांनी तक्रार केली तर मामा म्हणाले, "आधी आत बसायचं." म्हणजे चूक कबूल नाही. दहाजणांपेक्षा जास्त जाणार असाल तर आदल्या दिवशी सांगून जा. आम्ही सांगूनही साडेदहाला बसलो ते पहिली प्लेट सव्वाअकराला आली.

जिलेबी सकाळी नऊच्या आत खावी. पीठ रात्री भिजवलेलं असतं, आंबट उतरतं, आणि गरम असताना तो आंबटपणा पाकाखाली छान लागतो. आम्हाला मिळाली ती दुपारची, गार झालेली, पाक वर आलेला. पाचपैकी अडीच. लेकरानं मात्र आईच्या वाट्याची सगळी संपवली.

चहा गोड. कमी साखरेचा मागितला तर तोच येतो, फक्त कपात थोडा कमी. सकाळी सात ते नऊ चुरमुऱ्यांचा सुशीला मिळतो, तो मी पुडीतूनच खाल्लेला आहे आणि ताज्या सुशीलाला मी अजून नाव ठेवू शकत नाही. चुरमुरे भिजवून पिळतात ते इतकं नेमकं की लगदा होत नाही. सोलापुरात बी.फार्म.ला आहे, तिथं दोन-तीन ठिकाणी खाऊन बघितला, त्यात फुटाण्याची डाळ कंजूषपणे घालतात.

स्वच्छता मध्यम. प्लेटा धुतात त्या बादलीतलं पाणी कधी बदलतात हे बघितलं नाही तर भूक टिकते. बाथरूम नाही. पोरांचं काही अडलं नाही. आमच्यातल्या लेकुरवाळीला समोर शाळेत जायचं होतं, सुट्टी असल्यानं गेटला कुलूप, शेवटी माझ्या घरी नेलं. आता पोरींना आत बसवायचं म्हणताय मामा, तर एवढं तरी करा. हे मी तोंडावर बोलले, म्हणून इथंही लिहिते. ते "बघू" म्हणाले. मुख्याध्यापकही असंच "बघू" म्हणायचे.

आता हिशेब, कारण कौतुक खरं त्याचं आहे. आजचा भाव: भजे ३०, जिलेबी किलोला २००, चहा १०. म्हणजे आमची ती प्लेट आज ६० रुपयांना. २७ जणांचे १६२० होतात आणि जमा हजारच. मी मनात सहाशे-सातशेची वर्गणी धरून होते. मामांनी चष्मा लावला, पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "३०नं ठरलं व्हतं. ३०नंच." आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो, मामा तेल महागलं, गॅस महागला, असं कसं. ऐकलं नाही. "ठरलेलं ठरलं. तुमीच आला न्हाईत, त्याला मी काय करू?" हे मात्र थोडं रागानं. तेव्हा सहा किलो पीठ आणून ठेवलं होतं, पोरकिडे पडले, असं त्यांच्या पोराकडून नंतर कळलं. सहा किलो मीच सांगितलेलं.

मी २६० रुपये पुढं केले. सगळ्यांदेखत नोटा मोजून घेतल्या, 'येणे' खोडलं, 'जमा १२६०' केलं. माफ वगैरे काही नाही, उशीर झाला म्हणून बोलणंही नाही. ज्यांनी दुसरी प्लेट घेतली त्यांच्याकडून मात्र आजचे ३० रुपये रोख, नाहीतर भिंतीवरच्या क्यूआरवर. लेकराचा जास्तीचा चहाही लावला. जुनं खातं वेगळं, आजचा धंदा वेगळा.

पाचपैकी चार देते. कापलेला एक निम्मा बाथरूमचा, पाव जिलेबीचा, पाव खिळ्याचा.

हॉटेल सकाळी सात ते संध्याकाळी सहा, अमावस्येला बंद. गाडी शाळेच्या भिंतीला लावू नका, नवे सर हवा सोडतात.

आमच्या वर्गातल्या उरलेल्या पंधरा जणांसाठी: प्लेटा ४२ होत्या, २७ गेल्या. मामांनी न आलेल्यांचे हजेरी क्रमांक माझ्याकडून विचारून पानाच्या खाली लिहून घेतलेत. गावाकडं आलात की जा. पान ६१ म्हणा, नंबर सांगा, आत बसा. पहिला घाणा मागून घ्या.